खोली, खानावळ आणि स्वावलंबन

कायद्याच्या दृष्टीने माणूस सज्ञान होतो तो एका रात्रीत. १८७५ च्या कायद्याने अठरा वर्षे ही सज्ञानतेची सीमा ठरविली आणि १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वयही एकवीसवरून अठरावर आणले. साहजिकच आजचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कोणत्या तरी महिन्यात, बहुधा एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसलेला असताना, पूर्ण नागरिक होतो आणि त्याचे त्यालाही फारसे काही वाटत नाही. त्याला करार करता येतो, मत देता येते. परंतु त्याच संध्याकाळी आमटी खारट झाली आहे हे खानावळीतल्या बाईंना सांगण्याचे धैर्य त्याच्या अंगी असेलच असे नाही. कायद्याने दिलेले सज्ञानपण आणि रोजच्या व्यवहारातून अंगी येणारे स्वावलंबन यांच्यामध्ये जे तीन-चार वर्षांचे अंतर असते, त्यालाच खरे म्हणजे महाविद्यालयीन जीवन म्हणावयाचे. या जीवनाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते मात्र प्रवेश, परीक्षा, निकाल आणि बेकारी एवढ्यापुरतेच. विद्यार्थी राहतो कोठे, जेवतो काय, महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला त्याच्या खिशात किती उरते, याची वास्तपुस्त क्वचितच होते.

पुण्याचेच उदाहरण घ्यावे. प्रवेशाच्या दिवसांत लातूर, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलामुलींची रीघ लागते. ज्यांना वसतिगृहात जागा मिळते ते भाग्यवान. उरलेल्यांना खोली शोधावी लागते. नारायण-सदाशिव पेठांतले जुने वाडे एकामागून एक पडून तेथे इमारती उभ्या राहिल्या, तरी ‘कॉट बेसिस’ हा शब्द टिकून आहे. खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत तीन किंवा चार खाटा, भिंतीतले एक फडताळ, खिडकीच्या गजांना बांधलेली कपड्यांची दोरी आणि दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला नियमांचा कागद: रात्री दहानंतर येऊ नये, पाहुणे आणू नयेत, विजेची शेगडी लावू नये. कागदावर नसलेला एक नियम असतो, तो आडनाव विचारल्यानंतर लागू होतो. ‘जागा कालच गेली’ हे वाक्य कोणाला ऐकावे लागते आणि कोणाला नाही, हे शहरात नव्याने आलेल्या मुलाला दोन-तीन दारे पालथी घातल्यावर समजून चुकते. अनामत रक्कम कधी परत मिळणार, हा प्रश्न वस्तुतः वडिलांनी विचारावयाचा. परंतु पुष्कळदा तो मुलगाच विचारतो, कारण वडिलांना परक्या घरमालकाशी असे बोलणे प्रशस्त वाटत नाही. बापलेकांच्या नात्यात पुढे जे काही बदलणार असते त्याची सुरुवात येथे होते.

व्यवहाराचा पहिला धडा मिळतो तो खानावळीत. महिन्याचे पैसे आगाऊ भरावयाचे, दोन वेळचे जेवण, रविवारी दुपारी गोडधोड आणि रविवारी संध्याकाळी सुट्टी, ही सर्वसाधारण रीत. गैरहजेरीला ‘खाडा’ म्हणतात. सलग काही दिवस, आणि तेही आधी सांगून, खाडा केला तरच पैसे वजा होतात; एखाद्-दुसऱ्या दिवसाचे होत नाहीत. गणपतीला दोन दिवस गावी जावे की न जावे हा प्रश्न त्यामुळे निव्वळ ओढीचा राहत नाही, त्यात एस.टी.चे भाडे आणि न मिळणारे खाडे येऊन बसतात. एकदा झालेला आणि परत न मिळणारा खर्च पुढच्या निर्णयात धरावा की धरू नये, याची चर्चा अर्थशास्त्राच्या वर्गात पुढे कधीतरी होते. विद्यार्थ्याला ती पहिल्याच सत्रात पोटातून कळलेली असते.

रविवारची संध्याकाळ हा तर या शिक्षणातील स्वतंत्र अध्याय आहे. खानावळ बंद. पहिले दोन रविवार वडापाव आणि चहा यांवर निघतात. तिसऱ्या रविवारी चौघांचा हिशेब बेरजेला लागतो आणि घरमालकाच्या नजरेआड ठेवलेली शेगडी बाहेर निघते. खिचडी करावयाची ठरते. तुरीची डाळ पिकविणाऱ्या घरातला मुलगा ती डाळ आयुष्यात पहिल्यांदा विकत आणावयास जातो, आणि वडिलांनी अडत्याच्या दुकानी तूर ज्या भावाने घातली तो भाव व वाण्याच्या पाटीवरला डाळीचा भाव यांतील अंतर त्याच्या डोळ्यांसमोर प्रथमच उभे राहते. हे अंतर कोणाकोणाच्या हातांतून जाते, याचे एक आख्खे प्रकरण पाठ्यपुस्तकात आहे. ते या मुलाइतके लक्षपूर्वक कोणी वाचत नसेल. पहिली खिचडी करपते. भांडी कोणी घासावयाची यावरून अबोला होतो आणि तो बुधवारपर्यंत टिकतो. ज्या मुलाने घरी पाण्याचा तांब्यादेखील स्वतः भरून घेतलेला नसतो, तो करपलेले पातेले राखेऐवजी वाळूने घासावे की तारेने, याविषयी मत बाळगू लागतो. पुढे वर्गणीची एक वही येते. कोणी किती आणले, कोणाचे हातउसने कोणाकडे आहेत, गहू दळून आणण्याची पाळी कोणाची, हे सर्व तीत लिहिले जाते. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोख ठेवणे हे स्वतःचे पैसे जपून वापरण्याहून अवघड काम होय, आणि ते शिकविणारा एकही विषय अभ्यासक्रमात नाही.

मात्र या सर्वाकडे केवळ कौतुकाने पाहणे चुकीचे ठरेल. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली कुटुंबांच्या जमाखर्चांवरून एक नियम मांडला: उत्पन्न जितके कमी, तितका अन्नावर होणाऱ्या खर्चाचा वाटा मोठा. कुटुंबाच्या बाबतीत हा नियम सहसा खरा ठरतो. एकट्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो उलटा होताना दिसतो. खाटेचे भाडे ठरलेले, परीक्षेचे शुल्क ठरलेले, बसचा पास ठरलेला. यांतील काहीही पंधरा तारखेनंतर कमी करता येत नाही. लवचीक अशी एकच बाब उरते, ती जेवण. म्हणून काटकसर तेथूनच सुरू होते. सकाळचा नाष्टा प्रथम जातो. मग दोन वेळची खानावळ एका वेळेची होते. मग एक डबा दोघांत, वर बाहेरून आणलेल्या चार पोळ्या. हे सारे हसतखेळत चालते आणि त्याला ‘ॲडजस्ट करणे’ असे नाव आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्या वयोगटात महाविद्यालयीन मुली आहेत, हे विसरता कामा नये. उपाशी राहून घडलेले स्वावलंबन हे काही गौरवाने मिरविण्याचे भूषण नव्हे.

महाराष्ट्रातील शिक्षणाचे धुरीण हे पूर्वीच ओळखून होते. किंबहुना या प्रांतातील शिक्षणप्रसाराचा इतिहास शाळांइतकाच स्वयंपाकघरांचा इतिहास आहे. गरीब विद्यार्थी एकेकाळी वार लावून जेवत, माधुकरी मागत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, पंक्तीच्या कडेला बसून, वाढतील तेवढे. त्यातून विद्वान निपजले हे खरे. परंतु प्रत्येक घासाबरोबर उपकाराचे ओझेही गिळावे लागे, आणि ही सोय मुख्यतः एका जातीपुरतीच होती, हेही तितकेच खरे. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले ते अशाच निराधार मुलांना आसरा देण्यासाठी. तिकडे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला; १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांचे होते. शाळेची फी माफ केली तरी गावचा मुलगा शहरात राहणार कोठे, हा प्रश्न ज्या राज्यकर्त्याला पडला तो खरा अर्थशास्त्र जाणणारा म्हणावा लागेल. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) महाविद्यालय काढले तेव्हा त्याला वसतिगृहाची जोड दिली, ती याच जाणिवेने.

याच्याही पुढचे पाऊल टाकले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेचे वसतिगृह १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीला जेवीत. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यास महाविद्यालय निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे सूत्र झाले: श्रम करावेत, त्या श्रमावर शिकावे. वारावर जेवणाऱ्या मुलाची मान खाली असे. स्वतः खोदलेल्या जमिनीतली भाजी खाणाऱ्याची ती तशी राहत नसे. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली उभ्या केलेल्या विद्यार्थी सहायक समितीनेही सहाय्य आणि श्रम यांची सांगड घातली. पुणे विद्यापीठात कमवा व शिका योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. फरक एवढाच, की श्रमाचा मोबदला हा मूळ कल्पनेत शिक्षणाचा पाया होता, आज तो बहुतेक ठिकाणी जोडखर्चाला हातभार म्हणून उरला आहे. ग्रंथालयातील पुस्तकांवर क्रमांक टाकून मिळालेल्या पैशात चहा आणि झेरॉक्स भागते, खाटेचे भाडे भागत नाही. म्हणून विद्यार्थी संध्याकाळी लग्नकार्यात वाढप्याचे काम धरतो किंवा रात्री दुचाकीवरून दुसऱ्यांची जेवणे पोचवितो, आणि सकाळच्या पहिल्या तासाला त्याची हजेरी लागत नाही. हजेरीची अट सर्वांना सारखी आहे, आणि ती असावी. पण कामाच्या वेळा आणि तासांच्या वेळा यांचा मेळ घालून वेळापत्रक बांधणारी महाविद्यालये विरळा.

घराशी असलेले नाते या काळात पैशाच्या वाटेने बदलते. पूर्वी मनिऑर्डर येई आणि तिच्या तळाशी जोडलेल्या चिठोऱ्यावर वडिलांच्या अक्षरात दोन ओळी असत: तब्येतीस जपावे, पैसे जपून खर्चावे. महिन्याकाठी एकदा येणारी ही रक्कम महिनाभर पुरवावी लागे, आणि त्या पुरविण्यातच सारे शिक्षण होते. २०१६ पासून यूपीआय आले आणि पैसे क्षणात येऊ लागले. सोय झाली यात शंका नाही. पण तुकड्यातुकड्यांनी मागता येऊ लागल्यामुळे महिन्याचा अंदाज बांधण्याची गरज संपली. दोनशे आज, तीनशे परवा. शिवाय पुष्कळांचे खाते उघडताना वडिलांचा मोबाईल क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे रात्री अकराला चहाच्या टपरीवर दिलेल्या वीस रुपयांची वर्दी शेतात झोपलेल्या बापाला पोचते. पूर्वीचा बाप दूर होता आणि विश्वासाने होता. आताचा जवळ आहे आणि काळजीत आहे. विद्यार्थी मग रोख रकमेकडे वळतो. वही ठेवण्याऐवजी लपवाछपवी शिकतो. खात्याला स्वतःचा क्रमांक जोडून घेणे ही किरकोळ गोष्ट वाटेल. कितीतरी मुलांच्या बाबतीत सज्ञानपणाचा पहिला खरा दस्तऐवज तोच असतो.

दिवाळीला मुलगा घरी येतो तेव्हा त्याचे पाहुण्यासारखे आगतस्वागत होते. दोन दिवसांनी तो कृषी सेवा केंद्राची उधारीची पावती उचलून पाहतो आणि विचारतो, की रोखीचा भाव किती होता आणि उधारीचा किती लावला. हा प्रश्न वडिलांना आवडत नाही. ‘चार बुकं शिकलास म्हणून’ असे वाक्य त्या घरात त्या दिवशी उच्चारले जाते. प्रश्न मात्र बरोबर असतो, आणि पुढच्या हंगामात वडील दुकानदाराला तोच प्रश्न विचारतात, अर्थात मुलाचे नाव न सांगता.

येथवर जे लिहिले ते मुख्यतः मुलांना लागू आहे. मुलींचे गणित निराळे. खिचडी करावयास शिकणे ही मुलाच्या दृष्टीने क्रांती. मुलीला ती दहाव्या वर्षापासून येत असते, तिच्यात तिचे स्वातंत्र्य कोठून येणार? तिच्या बाबतीत नवे असते ते हातात स्वतःचे पैसे असणे, बँकेच्या खिडकीशी स्वतः उभे राहणे, आजारी मैत्रिणीला रात्री रिक्षातून दवाखान्यात नेणे. नेमके येथेच वसतिगृहाचे फाटक आडवे येते. मुलांच्या वसतिगृहाची वेळ कागदावर असते, मुलींची कुलपावर. विद्यापीठ अनुदान आयोगाने लैंगिक छळाच्या प्रतिबंधासंबंधीच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटले आहे, की सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांहून वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. त्याच वर्षी दिल्लीतील विद्यार्थिनींनी या प्रश्नावर ‘पिंजरा तोड’ ही चळवळ सुरू केली. आपल्याकडील अनेक वसतिगृहांत तो विनियम फायलीत आहे आणि कुलूप फाटकाला आहे. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवले जाते व त्याचे कौतुक होते; पण साडेसातला खोलीवर परतावे लागणाऱ्या मुलीने त्या कौतुकात सहभागी कसे व्हावे? पालकांची भीती खोटी नाही, हे मान्य केलेच पाहिजे. रस्त्यावरचा दिवा आणि रात्रीची बस यांची व्यवस्था करणे खर्चाचे आहे. कुलूप स्वस्त पडते.

घर सोडल्यावाचून स्वावलंबन येतच नाही असेही नाही. तालुक्याच्या गावी खोली करून राहणाऱ्या मुलांचा डबा आजही कित्येक ठिकाणी सकाळच्या एस.टी.ने येतो. आईने पहाटे उठून केलेली भाकरी वाहकाच्या भरवशावर पंचवीस-तीस किलोमीटरचा प्रवास करते आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जातो. रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्यांचे सारे वेळापत्रक सवलतीचा पास आणि शेवटची गाडी यांवर बेतलेले असते. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा टाळेबंदीनंतर नुकतीच उघडलेली महाविद्यालये या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा एकदा दूर गेली. संपाच्या मागण्यांवर पुष्कळ लिहिले गेले. डब्यांवर फारसे कोणी लिहिले नाही.

आता शासनाच्या भूमिकेविषयी. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना १९५९ च्या सुमारास कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फी-सवलत मिळाली आणि बहुजन समाजातील एक आख्खी पिढी महाविद्यालयात आली. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. परंतु फी हा शिक्षणाच्या खर्चाचा एक भाग आहे. परगावी शिकणाऱ्याला जगण्याचा खर्च चुकत नाही. हे ओळखून २०१६-१७ पासून अनुसूचित जातींच्या, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना सुरू झाली. त्या वेळी मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर जेवणाला महिना ३,२०० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे १०७ रुपये. खाटेला महिना २,००० रुपये. या रकमेत पुण्याच्या मध्यवस्तीत खाट मिळवून दाखवावी.

रक्कम अपुरी आहे हा एक भाग झाला. त्याहून गंभीर आहे तो वेळेचा. भूक रोज लागते, भाडे महिन्याला द्यावे लागते आणि शिष्यवृत्ती वा भत्ता मात्र अर्ज, पडताळणी, त्रुटी, फेरपडताळणी अशी वळणे घेत पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर, कधी सरल्यावर, एकरकमी खात्यात पडतो. मधल्या काळात विद्यार्थी जगतो कसा? उत्तर सोपे आहे: खानावळवाल्या बाईंच्या उधारीवर. घरगुती खानावळ चालविणारी ही बाई स्वतः वाण्याचे देणे पंधरवड्याला भागविते, गॅसची टाकी रोखीने घेते आणि दहा-बारा मुलांच्या नावांपुढे महिनोन् महिने ‘बाकी’ असा शब्द लिहीत राहते. राज्याच्या तिजोरीला पडलेला विलंब अशा रीतीने एका स्वयंपाकघरातून, बिनव्याजी, भरून निघतो.

सरकारी नोकराचा पगार एक तारखेला झाला नाही तर संघटनेचे पत्र जाते. महागाई भत्ता थकला तर थकबाकी मिळते. तोच न्याय विद्यार्थ्याला लावावा. निर्वाहाची रक्कम दहा सारख्या हप्त्यांत विभागावी, प्रवेश निश्चित झाल्याच्या महिन्यापासून दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत ती खात्यात जमा व्हावी आणि कागदपत्रांची छाननी मागाहून चालू राहावी. अपात्र ठरणाऱ्या थोड्यांकडून वसुली कशी करणार, हा आक्षेप लेखा विभाग घेईल. पहिल्या दोन हप्त्यांपुरती हमी महाविद्यालयाकडून घ्यावी. प्रवेशाच्या वेळी मूळ कागदपत्रे त्याच कार्यालयाने डोळ्यांखालून घातलेली असतात. असे झाले तर महिन्याच्या सुरुवातीला हातात पडलेली एक ठरावीक रक्कम महिनाअखेर पुरविण्याची संधी या विद्यार्थ्याला मिळेल, जी नोकरदाराच्या मुलाला पहिल्या महिन्यापासून असते. तोवर हा बोजा त्या बाईंच्या वहीवरच राहावयाचा, आणि जूनमध्ये नवी मुले येऊन जुनी बाकी न भरता खोली सोडून गेलेल्यांच्या जागी बसावयाची.